मुलांत काम करणारांचें पूर्वचारित्र्य

सरकारी नोकरींत शिरणाऱ्या माणसाची प्रकृति डॉक्टर तपासतात, त्याची विद्या परीक्षेनें ठरते, आणि त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी पोलिस करतात. पहिल्या दोन परीक्षांविषयीं आपण घरींदारीं पुष्कळ बोलतों. तिसरीविषयीं मात्र आपली समजूत अशी असते, कीं पोलिसांनीं 'याच्याविरुद्ध कांहीं नाहीं' असें लिहून दिलें म्हणजे प्रश्न मिटला. जो नोकर कचेरींत फाइली सांभाळणार किंवा रस्ते मोजणार, त्याच्यापुरती ही समजूत चालून जाईलहि. पण शाळा, वसतिगृह, बालगृह, क्रीडांगण अशा ठिकाणीं ज्याच्या हातीं दुसऱ्यांचीं मुलें दिवसाचे सहा-सात तास सोंपविलीं जातात, त्याच्या बाबतींत 'कांहीं नाहीं' या दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेणें अगत्याचें आहे. त्यानें कांहीं केलें नाहीं, असा तो अर्थ नव्हे. आम्हीं जेथें पाहिलें, ज्या नांवाखालीं पाहिलें, आणि जेवढें जपून ठेवलेलें होतें, त्यांत कांहीं सांपडलें नाहीं, इतकाच तो अर्थ.

हा भेद इंग्लंडला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. त्या प्रकरणाची चौकशी इतकी बारकाईनें झाली आहे, कीं कोणत्या टेबलावर कोणता कागद अडला तेंहि आज सांगतां येतें. म्हणून प्रथम तेंच प्रकरण आपल्यापुढें ठेवतों.

केंब्रिजशायर परगण्यांत सोहॅम नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ४ ऑगस्ट २००२ रोजीं, रविवारच्या संध्याकाळीं, दहा वर्षांच्या दोन मैत्रिणी घरांतून बाहेर पडल्या त्या परत आल्याच नाहींत. तेरा दिवसांनीं त्यांचे देह गांवापासून दूर सांपडले. खून करणारा इअन हंटली हा गांवच्या माध्यमिक शाळेच्या इमारतीची देखभाल करणारा नोकर, म्हणजे तिकडे ज्याला केअरटेकर म्हणतात तो, होता. डिसेंबर २००३ मध्यें त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली.

निकाल लागला आणि मग लोकांस कळलें, कीं हा मनुष्य पोलिसांना नवीन नव्हता. सोहॅमला येण्यापूर्वीं तो उत्तरेकडे हंबरसाइड पोलिसांच्या हद्दींत, ग्रिम्स्बी या बंदराच्या गांवीं राहत असे. १९९५ ते १९९९ या काळांत त्याच्याविरुद्ध लैंगिक अपराधांच्या आठ निरनिराळ्या तक्रारी झाल्या होत्या. कांहीं अल्पवयीन मुलींशीं संबंध ठेवल्याबद्दल, कांहीं बलात्काराबद्दल. एका प्रकरणांत आरोपहि ठेवण्यांत आला होता, पण पुराव्याच्या अभावीं तो पुढें मागें घेतला गेला. आठांपैकीं एकांतहि शिक्षा झाली नाहीं.

येथें घटकाभर थांबलें पाहिजे. प्रत्येक तक्रार एकेकटी घेतली तर 'शाबित नाहीं' हा शेरा कायद्याच्या दृष्टीनें चूक म्हणतां येणार नाहीं. आरोप झाला म्हणून मनुष्य गुन्हेगार होत नाहीं, हें तत्त्व आपल्या सर्वांच्या संरक्षणाचें आहे. तें आज हंटलीच्या रागानें टाकून दिलें तर उद्यां आपल्यावरच उलटेल. परंतु एकाच माणसाविरुद्ध, एकाच प्रकारच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींच्या तक्रारी चार-पांच वर्षांत आठ वेळां याव्यात, ही गोष्ट स्वतःच एक माहिती आहे. ती माहिती कोणाच्याहि ध्यानांत आली नाहीं. कारण आठहि कागद एका ठिकाणीं मांडून पाहणारा कोणी नव्हता. एक प्रकरण एका अंमलदारानें हाताळलें, दुसरें दुसऱ्यानें. समाजकल्याण खात्याला त्यांतील कांहीं ठाऊक होतीं, कांहीं नव्हतीं. आणि जी थोडी टिपणें झालीं होतीं त्यांतील बरींच काळाच्या ओघांत पोलिसांच्या दफ्तरांतून पुसून टाकण्यांत आलीं होतीं.

पुढें नोव्हेंबर २००१ मध्यें हंटलीला सोहॅमच्या शाळेंत नोकरी मिळाली. अर्ज त्यानें निक्सन या आपल्या आईच्या माहेरच्या आडनांवानें केला होता. विशेष हें, कीं हंटली हें नांव त्यानें लपविलें नव्हतें. आपण पूर्वीं त्या नांवानें ओळखले जात असूं, असें त्यानें कागदावर नमूद केलें होतें. केंब्रिजशायरच्या पोलिसांनीं मात्र राष्ट्रीय संगणकांत केवळ 'निक्सन' या नांवाचा शोध घेतला. त्या नांवाचा कोणी अपराधी निघाला नाहीं, आणि तसा शेरा शाळेकडे गेला. हंटली या नांवानें शोध घेण्यांतच आला नाहीं. त्याच्या पूर्वीच्या गांवच्या पोलिसांकडे विचारणा होणें अवश्य होतें, तीहि नीट झाली नाहीं. अर्थात् विचारणा झाली असती तरी दफ्तर पुसलें गेल्यामुळें उत्तर अपुरेंच आलें असतें. एका बाजूनें नीट विचारलें नाहीं आणि दुसऱ्या बाजूला सांगण्यासारखें कांहीं शिल्लक नव्हतें! दोन कचेऱ्यांच्या दोन चुका अशा एकमेकींच्या मदतीस धांवल्या.

ब्रिटिश सरकारनें सर मायकेल बिचर्ड यांच्याकडे चौकशी सोंपविली. हे गृहस्थ पूर्वीं तेथील शिक्षणखात्याचे मुख्य सचिव होते, त्यामुळें कचेऱ्यांचा कारभार त्यांना आंतून माहीत होता. त्यांचा अहवाल जून २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ३१ शिफारशी आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा असल्यामुळें जुनीं टिपणें नाहींशीं करावीं लागलीं, असा बचाव हंबरसाइडच्या पोलिसांनीं प्रारंभीं केला होता. बिचर्ड यांनीं तो मानला नाहीं. कायद्यांत तशी सक्ति नव्हती. काय ठेवावें, किती काळ ठेवावें आणि कोणाच्या आज्ञेनें काढून टाकावें, याची घडी त्या दलांत बसलेलीच नव्हती. न वाचलेल्या कायद्याच्या भीतीनें कागद निकालांत काढणारा कारकून सर्व देशांत सारखाच असतो, असें हें वाचतांना मनांत येतें.

शाळेच्या वाट्यालाहि दोष आला. हंटलीनें दिलेलीं शिफारसपत्रें 'ज्यांच्याशीं संबंध असेल त्यांस' अशा मायन्याचीं, म्हणजे अर्जदारानेंच हातोहात आणून दिलेलीं होतीं. पत्र लिहिणाऱ्याला परत विचारून खात्री करून घेण्यांत आली नाहीं. त्याच्या पूर्वीच्या नोकऱ्यांचा क्रमहि नीट पडताळला गेला नाहीं. आपल्याकडील कोणत्याहि चांगल्या घरांत स्वयंपाकीणबाई ठेवतांना मालकीण जितकी चौकशी करते, तितकीहि येथें झाली नव्हती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणखीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय हें विवेचन प्रामाणिक होणार नाहीं. त्या दोन मुली हंटलीच्या शाळेंतील नव्हत्या. त्या जवळच्या प्राथमिक शाळेंत जात. तेथें हंटलीची सोबतीण कांहीं काळ मदतनीस म्हणून काम करी, आणि ती मुलींच्या ओळखीची होती. गुन्हा शाळेच्या वेळेंत झाला नाहीं, शाळेच्या वर्गांत झाला नाहीं. तेव्हां चौकशी चोख झाली असती, त्याला ती नोकरी नाकारली गेली असती, तर मुली निश्चित वांचल्या असत्या काय? बिचर्ड यांनींहि तसा दावा केला नाहीं. या मृत्यूंना एकटा हंटली जबाबदार आहे, असेंच त्यांनीं म्हटलें आहे. मग एवढी चौकशी कशासाठीं? तर शाळेच्या नोकरीनें त्याला गांवांत एक विश्वासाचें स्थान दिलें म्हणून. शाळेंतला मनुष्य म्हटला कीं लोकांच्या मनांतील शंका निम्मी विरघळते. सरकार एखाद्याला मुलांच्या कामावर नेमतें तेव्हां तें केवळ पगार देत नाहीं. आपल्या पतीवर त्याला उधार विश्वास मिळवून देतें. त्या विश्वासाला सरकार जामीन आहे, आणि जामीन राहण्यापूर्वीं चौकशी करणें हें सावकाराच्या पेढीवरील मुनीमालाहि समजतें.

यानंतर इंग्लंडनें काय केलें, तें आतां पाहूं. नोकरीसाठीं गुन्ह्यांच्या नोंदी तपासून देणारी एक मध्यवर्ती कचेरी १९९७ च्या कायद्याप्रमाणें मार्च २००२ मध्यें, म्हणजे खुनांच्या थोडेसें अगोदर, सुरू झालीच होती. पण हंटलीची नेमणूक तिच्या जन्मापूर्वींची, जुन्या स्थानिक पद्धतीची. सोहॅमनंतर त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस सर्व शिक्षकांची तपासणी शाळा उघडण्यापूर्वीं झालीच पाहिजे, असा आग्रह सुरू झाला; तेव्हां या नव्या कचेरीपुढें अर्जांचे ढीग सांचले, कांहीं शाळांना आपले वर्ग वेळेवर उघडतां आले नाहींत, आणि शेवटीं पूर्ण तपासणी होण्यापूर्वींच शिक्षकांस कामावर घेण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. घाईनें काढलेला कडक हुकूम असाच मोडतो.

पोलिसदलांच्या गुप्त टिपणांना एकत्र आणणारें राष्ट्रीय दफ्तर, जें बिचर्ड यांच्या शिफारशींतील मुख्य कलम होतें, तें २०११ मध्यें चालू झालें. अहवालानंतर सात वर्षांनीं! नेमणूक करणाऱ्या मुख्याध्यापकांना मुलाखत कशी घ्यावी, शिफारसपत्र कसें पडताळावें, याचें शिक्षण देण्याची शिफारसहि त्या अहवालांत होती. मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्याविषयीं वृत्तपत्रांत फारसा गाजावाजा झाला नाहीं, हेंहि तिच्या शहाणपणाचेंच लक्षण असेल.

दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकहि फुंकून प्यावें, तशी गत पुढें झाली. २००६ मध्यें जो कायदा झाला त्याखालीं मुलांशीं किंवा दुर्बल माणसांशीं वारंवार संबंध येणाऱ्या प्रत्येकाचें नांव एका मंडळाकडे नोंदवून त्याच्यावर सतत नजर ठेवण्याची योजना आखली गेली. हिशेब करतां एक कोटीहून अधिक माणसें त्यांत येत होतीं; म्हणजे दर चार प्रौढांमागें सुमारें एक. शाळेंत जाऊन मुलांना आपली गोष्ट वाचून दाखविणाऱ्या लेखकांवरहि ती पाळी येणार असें दिसतांच २००९ मध्यें फिलिप पुलमन यांसारख्या नामवंत बाललेखकांनीं जाहीर विरोध केला. संशय हा समाजाचा नित्याचा व्यवहार करून टाकूं नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०१० मध्यें नवें सरकार आलें, त्यानें योजना थांबविली, आणि २०१२ च्या कायद्यानें तिचा आवांका पुष्कळच कमी केला.

आज तेथें जी व्यवस्था आहे ती डिसेंबर २०१२ पासूनची. 'डिस्क्लोजर अँड बॅरिंग सर्व्हिस' हें तिचें नांव. नांवांतच तिचीं दोन कामें सांगितलीं आहेत: माहिती उघड करणें आणि मज्जाव करणें. दाखल्यांच्या पायऱ्या आहेत. साध्या दाखल्यावर केवळ अद्याप जिवंत असलेल्या शिक्षा येतात. कारण १९७४ च्या एका कायद्याप्रमाणें बहुतेक किरकोळ शिक्षा ठराविक काळानंतर 'मुरलेल्या' समजल्या जातात व त्यांचा उल्लेख करण्याची गरज राहत नाहीं. मुलांत काम करणारास ही सवलत पूर्णपणें मिळत नाहीं. त्याच्यासाठीं विस्तृत दाखला लागतो. त्यांत जुन्या शिक्षा तर येतातच, पण शिक्षा न झालेली अशीहि एखादी माहिती, जी प्रस्तुत कामाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे आणि सांगितलीच पाहिजे असें स्थानिक पोलिसप्रमुखास सकारण वाटेल, ती लिहितां येते. हंटलीच्या आठ तक्रारी याच रकान्यांत आल्या असत्या. याशिवाय ज्यांना मुलांच्या कामावर घेणें हाच गुन्हा ठरतो, अशा माणसांची एक वेगळी यादी आहे.

त्या यादीसंबंधीं एक कलम मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. एखाद्या संस्थेनें मुलाला इजा पोहोंचविल्याबद्दल किंवा तशा संशयावरून कोणास मुलांच्या कामावरून काढलें, तर तें त्या मंडळाला कळविणें संस्थेवर बंधनकारक आहे. तो मनुष्य हकालपट्टीच्या आधींच राजीनामा देऊन निघून गेला, तरीहि कळविलेंच पाहिजे. हें कां, तें संस्थांच्या कारभाराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगावयास नको. नांव खराब होऊं नये म्हणून शाळा गडबड न करतां राजीनामा घेते, वर बऱ्यापैकीं शिफारसपत्र देते, आणि तो गृहस्थ दुसऱ्या गांवच्या शाळेंत रुजू होतो. पोलिसांच्या दफ्तरांत यांतलें अक्षरहि उमटत नाहीं. अशा माणसाच्या बाबतींत पोलिसांचा दाखला निष्कलंक येणारच; त्यांत पोलिसांचा दोष नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू. जाळें दाट विणलें म्हणजे त्यांत काय काय सांपडतें, याचीं दोन उदाहरणें तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आलीं. एक बाई शाळेच्या मधल्या सुटींत मुलांवर देखरेख करण्याचें काम करीत असे. तिला कधीं शिक्षा झालेली नव्हती. पण तिच्या स्वतःच्या मुलाकडे तिनें दुर्लक्ष केल्याची समाजकल्याण खात्याची नोंद तिच्या दाखल्यावर आली आणि तिची नोकरी गेली. २००९ मध्यें न्यायालयानें तिचें अपील फेटाळलें. मात्र तसें करतांना पोलिसांना बजावलें, कीं मुलांची सुरक्षितता आणि त्या व्यक्तीचें खाजगी जीवन या दोहोंना पारड्यांत सारखें स्थान आहे, पहिलें पारडें आधींच झुकलेलें धरून चालूं नये.

दुसरें उदाहरण एका मुलाचें. अकरा वर्षांचा असतांना, दोन चोरलेल्या सायकलींच्या प्रकरणांत पोलिसांनीं त्याला दोन वेळां ताकीद दिली होती. खटला नाहीं, शिक्षा नाहीं, ताकीद. सतराव्या वर्षीं त्यानें एका फुटबॉल क्लबांत अर्धवेळ कामासाठीं अर्ज केला, तेव्हां दाखल्यावर त्या सायकली उगवल्या. एकोणिसाव्या वर्षीं क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नांव घातलें, तेथें मुलांशीं संबंध येणार होता म्हणून पुन्हां दाखला काढला गेला, आणि सायकली पुन्हां हजर! २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा प्रकार मानवी हक्कांशीं विसंगत ठरविला. कांहीं जुन्या व किरकोळ नोंदी गाळण्याची पद्धत त्यापूर्वीं वर्षभर सुरू झाली होती. २०१९ मध्यें न्यायालयानें तिच्यांतीलहि उणीव दाखविली, आणि नोव्हेंबर २०२० पासून लहानपणीं मिळालेल्या ताकिदी दाखल्यावर आपोआप येणें बंद झालें.

या दोन प्रकारच्या माणसांकडे एकत्र पाहिलें म्हणजे या विषयांतील खरी अडचण दिसते. आठ गंभीर तक्रारींचा मनुष्य जाळ्यांतून निसटला, आणि सायकलींचा मुलगा त्यांत आठ वर्षें अडकून राहिला. जाळें अधिक मोठें केल्यानें पहिला सांपडतोच असें नाहीं. दुसरे मात्र हजारोंनीं सांपडतात. कारण यंत्र शिक्षा, ताकीद, तारीख हीं मोजूं शकतें. तक्रारींमागून तक्रारी एकाच वळणाच्या आहेत हें ओळखणें माणसाचें काम आहे, आणि त्या माणसाला तें काम नेमून दिलेलें असावें लागतें.

हा सारा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें कोणी समजूं नये. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत जे नेमले जातात त्यांच्याकडून 'साक्षांकन नमुना' भरून घेऊन पोलिसांमार्फत चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी होते, हें ज्या घरांत सरकारी नोकर आहेत त्या घरांना ठाऊक आहे. अशा नमुन्यांत उमेदवार अलीकडील वर्षांत कोठें कोठें राहिला हें विचारलेलें असतें, आणि चौकशी त्या त्या ठिकाणच्या पोलिसांकडे जाते. म्हणजे उमेदवारानें जीं गांवें सांगितलीं त्या गांवांपुरतें उत्तर येतें. देशांतील पोलिस ठाणीं एका संगणकजाळ्यांत जोडण्याची योजना २००९ मध्यें मंजूर झाली, आणि लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय सूची सप्टेंबर २०१८ मध्यें पोलिसांच्या उपयोगासाठीं सुरू झाली. त्यामुळें ही अडचण पूर्वीइतकी मोठी राहिली नाहीं हें खरें. तरी नांवाचा प्रश्न उरतोच. एकाच माणसाचें नांव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेनें, शिधापत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेनें, आणि रोमन लिपींत तिसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें असणें हा आपला नित्याचा अनुभव आहे. कोणी गांवाच्या नांवावरून आडनांव घेतो, कोणी तें सोडून वडिलांचेंच नांव शेवटीं लावतो. निक्सन आणि हंटली यांचा गोंधळ एका अक्षरानेंहि होऊं शकतो; त्यासाठीं आईचें माहेर शोधण्याची गरज नाहीं.

मुलांच्या संबंधांत तर केंद्र सरकारनें याहून पुढें पाऊल टाकलेलें आहे. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा जो २०१२ चा कायदा, ज्याला आपण 'पॉक्सो' म्हणतों, त्याखालील २०२० च्या नियमांप्रमाणें शाळा, पाळणाघरें, क्रीडासंस्था, मुलांचीं वसतिगृहें, सर्वांनीं आपल्या प्रत्येक नोकराची पोलिसांकडून पडताळणी करून घेतली पाहिजे. शिकविणारा असो वा न शिकविणारा, कायमचा असो वा कंत्राटी. आणि ही पडताळणी एकदांच नव्हे, तर ठराविक काळानें पुन्हां पुन्हां करावयाची आहे. नियम इतका स्पष्ट असतांना ऑगस्ट २०२४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बदलापूर येथें एका खाजगी शाळेंतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, आणि त्यांतील आरोपी कंत्राटदारामार्फत आलेला सफाई कामगार होता, तेव्हां कोठें पडताळणी हा शब्द महाराष्ट्रांत घरोघर बोलला जाऊं लागला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें आपण होऊन त्या प्रकरणांत लक्ष घातलें, आणि शाळांतील मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठीं निवृत्त न्यायाधीशांचा समावेश असलेली समितिहि नेमली गेली. पडताळणीचा एकटा दाखला त्या मुलींना वांचवूं शकला असता, असें मी म्हणत नाहीं. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिस ठाण्यांत झालेला विलंब हाहि त्या संतापाचा मोठा भाग होता.

बदलापुरावरून एक गोष्ट ध्यानांत येते. शासकीय शाळा, आश्रमशाळा, बालगृहें यांतील शिक्षक व अधीक्षक सेवेंत शिरतांना त्यांची पडताळणी होते. पण पहारेकरी, सफाई करणारा, गाडी हांकणारा, हे आजकाल बहुधा कंत्राटदाराचे लोक असतात. आज हा येतो, उद्यां त्याच्या जागीं दुसरा. सोहॅमचा हंटलीहि शिक्षक नव्हता. लहान मुलांना मात्र नेमणुकीचे प्रकार कळत नाहींत. शाळेच्या आवारांत जो दिसतो तो त्यांच्या लेखीं शाळेचा 'काका' असतो. म्हणून पडताळणीची जबाबदारी कंत्राटदाराच्या करारांत एक ओळ घालून संपत नाहीं. नियमानें ती संस्थेवर टाकली आहे.

सायकलींच्या मुलाचा प्रश्नहि आपल्या कायद्यानें सोडविलेला आहे, आणि माझ्या मतें इंग्लंडपेक्षां सुबकपणें. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेल्या अपराधामुळें त्याच्यावर पुढें कोणतीहि अपात्रता येत नाहीं, आणि सामान्यतः ती नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाची असते. सोळा वर्षांवरील मुलांच्या अघोर अपराधांचा अपवाद तेवढा ठेवलेला आहे. मोठ्या माणसांविषयीं अवतारसिंग यांच्या खटल्यांत २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं साक्षांकन नमुन्यांत माहिती दडविणें ही गंभीर गोष्ट खरी. तथापि तरुणपणीं घोषणा दिल्याबद्दल झालेली शिक्षा किंवा तसलाच क्षुल्लक गुन्हा कोणी लिहिला नाहीं, तर नेमणूक करणाऱ्यानें तारतम्य पाहून त्याकडे काणाडोळा करावा. हेंच तारतम्य गंभीर बाबतींत उलट दिशेनेंहि चालतें: खटल्यांत सुटका झाली एवढ्यावरून नोकरीचा हक्क उत्पन्न होत नाहीं, सुटका कशामुळें झाली तें पाहण्याची मोकळीक नेमणूक करणारास आहे.

राहतां राहिली गोष्ट गप्प बसून राजीनामा घेणाऱ्या संस्थांची. पॉक्सो कायद्यांत अपराधाची माहिती पोलिसांना कळविणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थाचालकानें आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळविला नाहीं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. हें कलम इंग्लंडांतील कळविण्याच्या बंधनाचें काम कांहीं अंशीं करतें. कांहीं अंशीं म्हणण्याचें कारण, पोलिसांत गेलेली बाब नोंदली जाते. केवळ 'वागणूक बरी वाटली नाहीं' म्हणून ज्याला निरोप दिला, त्याची नोंद दुसऱ्या शाळेला कोठेंच सांपडत नाहीं. ती सांपडण्याचा एकच मार्ग आज उपलब्ध आहे: नव्या मुख्याध्यापकानें जुन्या मुख्याध्यापकाला स्वतः विचारणें, आणि जुन्यानें खरें सांगणें.

पालकसभेंत आपण फी, गणवेश, सहल यांविषयीं प्रश्न विचारतों. तेथेंच मुख्याध्यापकांना हेंहि विचारतां येईल: पहारेकऱ्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांची पडताळणी केव्हां झाली, कोणकोणत्या नांवांनीं व पत्त्यांवर झाली, कंत्राटदाराचीं माणसें बदललीं तेव्हां पुन्हां झाली काय, आणि मागच्या नोकरीच्या ठिकाणीं कोणी टेलिफोन तरी केला होता काय. हे प्रश्न उद्धटपणाचे नाहींत, आणि चांगल्या मुख्याध्यापकांना ते आवडतील. 'ठराविक काळानें' असें २०२० चा नियम म्हणतो. तो काळ किती वर्षांचा, याचा आंकडा मात्र त्या नियमांत दिलेला नाहीं.